हवा भरली आणि शॉक बसला : मामांच्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकची पूर्ण केस

गेल्या हिवाळ्यात मामांनी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून सेकंडहँड फुल सस्पेन्शन इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेतली. मामा जुळे सोलापूरला राहतात, वय ५८, वजन ९१ किलो, आयुष्य गेलं यंत्रमागावर, एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचे माग होते, आता मुलगा बघतो. बाइक चांगलीच होती. पुढं १५० मिमी दबणारा एअर फोर्क, म्हणजे हवेचा शॉक, मागं १४० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला तेवढी जागा, २९ इंची चाकं, ६२५ वॅट-अवरची बॅटरी, मधे पेडलजवळ मोटर, वजन २४ किलो. मोटर ८५ न्यूटन मीटरची, बॉश-शिमानोच्या मोठ्या मोटरी असतात त्याच ताकदीची. अडीचशे वॅट रेटिंग आणि २५ किमी वेगाला असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, बंद, त्यामुळं आपल्याकडं लायसन्स-पासिंगचा प्रश्न नाही.

तीन महिन्यात मामा बाइकला कंटाळले. मार्चमध्ये मी घरी गेलो तर ती जिन्याखाली चादर टाकून उभी, आणि मामा म्हणाले, "विकून टाक बे ही, माझ्या कामाची न्हाय."

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण या केसमध्ये ताणलेली चेन सोडली तर एकही पार्ट खराब निघाला नाही. एकही नाही. तरी बाइक चालवण्यालायक राहिली नव्हती.

आधी तक्रारी काय होत्या ते. एक, उजवा गुडघा दुखायला लागला. दोन, कच्च्या वाटेवर पेडल सारखं दगडाला लागतं, दोनदा पडता पडता वाचले. तीन, चढाला पुढचं चाक हलकं होतं, हँडल इकडं तिकडं जातं. चार, पाठीला हादरे बसतात, म्हणजे एवढे पैसे सस्पेन्शनला देऊन साध्या सायकलपेक्षा जास्त हादरे. पाच, वेड्या बाभळीच्या काट्यांनी तीन पंक्चर. आणि सहावी सगळ्यात मोठी, बॅटरी. फेब्रुवारीत तुळजापूरला देवीला म्हणून पहाटे निघाले, घरापासून तुळजापूर जवळपास ५० किमी, आणि ४३ किमीला बॅटरी शून्य, घाट अजून पुढंच. चोवीस किलोची सायकल आणि ५८ वर्षांचा माणूस, टेम्पोत टाकून परत आणली.

मला पण पहिल्यांदा बॅटरीच वाटली. सेकंडहँड आहे, पहिल्या मालकानं वापरून वापरून मारली असणार, असं मी फोनवरच बोलून मोकळा झालो होतो, आणि ते बोलायला नको होतं, कारण त्यामुळं मामांच्या डोक्यात पक्कं बसलं की आपण फसलो. ॲपला जोडून बघितलं तर बॅटरी चार्ज झाल्याच्या फेऱ्या कमी, क्षमता जवळपास नवीसारखी. मग ४३ किमीत ६२५ वॅट-अवर जातात कुठं? किलोमीटरला साडेचौदा पडले. बहुतेक रस्ता सपाट, घाट तर शेवटी, त्यात एवढं जायला नको. ढोबळ हिशोब असा की माणूस, बॅग, पाणी, सायकल मिळून १२० किलो धरले तर १०० मीटर उंची चढायला नुसत्या उचलण्याचे ३३ वॅट-अवर लागतात, त्यात पायाचा वाटा आहेच. म्हणजे चढामुळं सगळी बॅटरी गेली असं म्हणता येत नव्हतं.

मग मी मामांना म्हणलं तुम्ही फक्त बसा सायकलवर, मी बघतो. मामा बसले आणि मागची बाजू गाढव बसावं तशी बसली.

सस्पेन्शनमध्ये पहिली गोष्ट बघायची ती सॅग. म्हणजे तुम्ही नुसते शांत बसल्यावर शॉक किती दबतो. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते, ती वर सीलपर्यंत सरकवायची, भिंतीला हात टेकून हळू बसायचं, दोन-तीनदा दाबून स्थिर व्हायचं, मग धक्का न देता उतरायचं, आणि रिंग कुठं आलीय ते स्केलनं मोजायचं. आणि हे चालवताना जे घालता ते घालून करायचं, बूट, हेल्मेट, पाण्याची बॅग पाठीवर. मामा ९१ किलोचे पण सोलापूरच्या उन्हात ते चार लिटर पाणी घेतल्याशिवाय निघत नाहीत, म्हणजे धरा ९६. या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आत जायची पूर्ण लांबी, ५५ मिमी, त्याच्या ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी यायला पाहिजे. आली २५ मिमी. पंचेचाळीस टक्के. पुढच्या फोर्कला १५० मिमीपैकी २० टक्के म्हणजे ३० मिमी पाहिजे, तिथं ४७.

"हवा तर टंच भरलीय की," मामा म्हणाले. "आठ दिवसाला भरतोय मी."

कुठं भरता? तर चौकातल्या पंक्चरवाल्याकडं. टायरचा व्हॉल्व्ह बारीक, त्याला पितळी ॲडॉप्टर लावून तो भरायचा, पण शॉकचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखाच जाड, त्याचा पाइप थेट बसायचा, म्हणून मामा दर वेळेला "याच्यात पण मार" म्हणायचे आणि तो बिचारा मारायचा.

सगळी केस इथंच आहे म्हणून नीट सांगतो. पंक्चरवाल्याच्या टाकीत हवा असते साधारण शंभर-सव्वाशे पीएसआय. मागच्या शॉकमध्ये वजनाप्रमाणं दीडशे, दोनशे, अडीचशे पीएसआय लागते. पाइप व्हॉल्व्हवर दाबला की पिन आत जाते आणि दोन्ही बाजूचं प्रेशर एक व्हायला बघतं, आणि हवा जाते जास्तीकडून कमीकडं, म्हणजे शॉकमधून टाकीकडं. फुस्स आवाज येतो, माणसाला वाटतं भरली. शॉकमध्ये हवा असते वाटीभर, टाकी केवढी मोठी, तिच्या काट्याला पत्ताही लागत नाही. पहिल्या मालकाचं वजन ६४ किलो, त्यानं १४० ठेवलं होतं, मामांना तेच कमी होतं, आणि दर आठवड्याला भरून भरून ते आलं ११८ वर. पंक्चरवाल्याचा काही दोष नाही, त्याच्याकडं असा शॉक कोण घेऊन येतो.

एवढं कळल्यावर बाकीच्या तक्रारी आपोआप ओळीत उभ्या राहिल्या. मागं ४५ टक्के म्हणजे १४० पैकी ६३ मिमी बसलेलं, पाहिजे होतं ४२. पुढचं पण बसलेलं. दोन्ही मिळून पेडल जमिनीच्या जवळपास दोन सेंटीमीटर जवळ आलं. पाणंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात, मधे मुरमाचा उंचवटा, वर काळे दगड, तिथं दोन सेंटीमीटर म्हणजे पेडल लागणं आणि न लागणं. मागं जास्त बसल्यामुळं चढाला वजन मागच्या चाकावर, म्हणून पुढचं हलकं. सायकल दर पेडलला वर-खाली डुलायची, ते बंद व्हावं म्हणून मामांनी शॉकवरचा निळा लिव्हर फिरवून तो लॉक, म्हणजे जवळपास कडक, करून टाकला होता आणि लॉकमध्येच तीन महिने चालवली, म्हणून हादरे. आणि सायकल ओढत नाही असं वाटलं की टर्बो, म्हणजे मोटरचा सगळ्यात जोराचा मोड. टर्बो लावला की ओढायची. मग ईको, टूर हे कमी जोराचे मोड कशाला आहेत ते बघायची वेळच आली नाही.

मोटर नसती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. साध्या सायकलला मागचं एवढं बसलं असतं तर मामा दोन किमीत उतरून म्हणाले असते हिचं काहीतरी चुकतंय. इथं मोटर ओढत राहिली, प्रत्येक चूक झाकत राहिली, आणि तिचं बिल बॅटरीतून, चेनमधून आणि मामांच्या गुडघ्यातून वसूल होत राहिलं.

हे मी सांगितलं तेव्हा मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मागाचं पण असंच असतंय. बीमवरच्या धाग्यांचा ताण जास्त झाला तरी मोटर थांबत न्हाय, ती चालतेय म्हणून कामगार निवांत, धागे तुटायला लागल्यावर कळतंय." त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता काय केलं ते. पहिल्यांदा शॉक पंप आणला. हा वेगळा असतो, छोटा, लांब पाइप, ३०० पीएसआयपर्यंतचा काटा, थोडी थोडी हवा जाते. याच्याशिवाय एअर सस्पेन्शनची सायकल घेऊच नये, सायकलसोबत मिळाला नाही तर त्याच दिवशी घ्या. एकदम भरायची नाही. शॉकच्या आत दोन कप्पे असतात, एक वजन पेलणारा आणि एक त्याच्या उलट बाजूनं ढकलणारा, दोन्हीत हवा बरोबरीनं जायला पाहिजे, म्हणून दर ५० पीएसआयला थांबून सीट हातानं हळूहळू आठ-दहा वेळा दाबायची. आधी १८०, मामांना बसवलं, २० मिमी. मग १९५, मग २१०, आणि रिंग आली १७ वर. फोर्क ६२ वर होता तो ९५ केला, सॅग ३१ मिमी. दीड तास गेला यात, पण घाई करण्यासारखं कामच नाही हे.

प्रेशर वाढवलं की रिबाउंड बघावाच लागतो. रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत उघडतो. हवा जास्त तर उघडायचा जोर जास्त, म्हणून त्याला जास्त आवळावं लागतं. पहिल्या मालकाचं सेटिंग ६४ किलोचं, तसंच ठेवलं असतं तर २१० वर मागचं चाक खड्ड्यातून उसळून मामांना सीटवरून उडवलं असतं. लाल नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत उघडायचा. मामांच्या गेटसमोर फूटपाथ आहे, त्यावरून सीटवर बसून सावकाश खाली उतरायचं आणि बघायचं, सायकल एकदा वर येऊन गप्प झाली तर बरोबर, दोन-तीनदा झुलली तर अजून आवळा, आणि वर यायलाच आळस करत असेल तर सोडा. मागं बंद पासून पाच क्लिक, पुढं सहा, इथं जमलं. अकरा वेळा फूटपाथ उतरले मामा, गल्लीतली पोरं जमली होती. आणि लॉकचा लिव्हर उघडा केला, तो फक्त डांबरी रस्त्यासाठी, हे सांगून ठेवलं.

सीटचं थोडक्यात. पाय जमिनीला टेकावा म्हणून मामांनी सीट पार खाली ठेवली होती, गुडघा पुरेसा उघडायचाच नाही आणि वर टर्बोचा जोर. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चालवताना पंजानं गुडघ्यात हलका वाक राहतो. सीट नऊ सेंटीमीटर वर गेली. "मग उतरू कसा?" तर हँडलला डावीकडं एक लिव्हर आहे, दाबला की सीट आपल्या वजनानं खाली जाते, परत दाबला की वर येते. तो लिव्हर कशाचा हे तीन महिने त्यांना माहीतच नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

टायर. सोलापूरच्या माळावर वेडी बाभूळ आणि सराटे असताना ट्यूब घालून फिरणं म्हणजे दर आठवड्याला पंक्चर काढायचं ठरवूनच निघणं. वर हवा ४५ पीएसआय, टायर दगडासारखा, मुरमावर पकड नाही. ट्यूबलेस केलं, रिमला टेप, नवीन व्हॉल्व्ह, प्रत्येक चाकात १२० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं पातळ द्रव. टायर रिमवर बसवायला मात्र एकदम जोरात हवा लागते, पायपंपानं जमेना, म्हणून व्हॉल्व्हची पिन काढून त्याच पंक्चरवाल्याकडं नेलं, दोन सेकंदात टण्ण टण्ण आवाज करून बसले. पुढं २५, मागं २८ पीएसआय ठेवलं. सीलंट आपल्याकडच्या उन्हात लवकर वाळतं, दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलं आहे का बघायचं.

चेन गेजनं मोजली तर ०.७५ टक्क्याच्या पुढं ताणलेली, बदलली. मधल्या मोटरची सगळी ताकद चेनमधूनच जाते आणि मामा टर्बोमध्ये पूर्ण जोर लावूनच गिअर बदलायचे, खाडकन. गिअर बदलताना अर्धा सेकंद पाय हलका सोडायचा, एवढंच.

मग चालवणं. हे शिकवायला चार सकाळी गेल्या, हिप्परग्याच्या तलावाकडं जाणाऱ्या बाजूच्या कच्च्या वाटांवर. साडेपाचला निघायचं आणि नऊच्या आत घरी, कारण मार्च संपता संपता इथं दुपारी चाळीसच्या पुढं जातं आणि तापलेली मोटर स्वतःच ताकद कमी करते. मामांची मोठी सवय मोडायची होती ती जड गिअर आणि संथ पाय. सगळा जोर लावून पेडल दाबायचं, मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या. या मोटरींना हे आवडत नाही, तापतात आणि बॅटरी खातात. हलका गिअर, सत्तर-ऐंशी फेऱ्या, तर टूरमध्येच सायकल पळते. मी त्यांना म्हणलं मोजू नका, मागाचा ठेका धरा. दुसऱ्या दिवशी पाय गोल फिरायला लागले.

ओढ्याच्या काठावर एक खडकाची पायरी आहे, तिथं पेडल थांबवायचं कधी ते शिकवलं. पाय थांबवला तरी मोटर क्षणभर ढकलत राहते, तेवढ्या ढकलीवर पुढचं चाक पायरी चढतं, पेडल आडवं राहतं, दगडाला लागत नाही. सुरुवातीला मामा त्या ढकलीला घाबरायचे आणि ब्रेक दाबायचे. पाचव्यांदा न दाबता गेले आणि वर जाऊन मागं वळून माझ्याकडं बघितलं, ते बघणं मला आवडलं. आणि शहरात, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की पेडलवर पाय ठेवून झुकायचं नाही, टर्बोमध्ये एवढ्या दाबानंसुद्धा सायकल पुढं उडी घेते. थांबताना दोन्ही ब्रेक धरलेले, मोड ईको, गिअर हलका.

एक गोष्ट विषयाला सोडून वाटेल पण सांगतो. बॅटरी आहे, आवाज नाही, म्हणून माणूस पूर्वी जात नव्हता तिथं जायला लागतो. मामांना बार्शी रोडला नान्नजच्या माळावर जायचं होतं. तिथं माळढोकचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं, आणि माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. तिथं चाक घालायचं नाही. काळविटं रस्त्यावरून दिसतात, तेवढं पुरे. मामांनी लगेच मान्य केलं.

बॅटरीची एक चूक राहिली होती. मामा राइडवरून आले की बॅटरी काढून थेट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावायचे, कारण तिथं मोकळा प्लग. एप्रिलमध्ये त्या खोलीत हात ठेववत नाही. लिथियम बॅटरी चाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हातून आलेली तर आधी तासभर गार होऊ द्यावी. आता खालच्या खोलीत, फरशीवर, रात्री जेवण झाल्यावर. कुठं जायचं नसेल तर साठ टक्क्याच्या आसपास ठेवून देतात. आणि गाड्या धुवायच्या सेंटरवर नेऊन प्रेशरनं धुणं बंद, ते पाणी मोटरच्या आणि सस्पेन्शनच्या बेअरिंगमध्ये घुसतं. ओलं फडकं आणि ब्रश.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मामा परत तुळजापूरला गेले, मी मागं मोटरसायकलवर. पाणी तेवढंच, रस्ता तोच. सपाटीला ईको, घाटात टूर, टर्बोला हात लावला नाही. घाटात एका वळणावर थांबले आणि मला वाटलं झालं, पण ते फक्त पाणी प्यायला. वर पोचलो तेव्हा ४२ टक्के शिल्लक. म्हणजे ५० किमीला ३६२ वॅट-अवर, किलोमीटरला सव्वासात. निम्मं. तेही घाट पूर्ण चढून. गुडघ्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं की काही नाही. दर्शन आणि जेवण होईपर्यंत ओळखीच्यांच्या घरी बॅटरी चार्ज केली, ऊन उतरल्यावर परत.

पंधरा दिवसांनी रात्री दहाला मामांचा फोन. आवाज पडलेला. "शॉकला पंप लावला, दोनशे दहा केलेलं आपण, आता एकशे नव्वद दाखवतंय. गळतोय बघ."

मी विचारलं लावून काढून परत लावला का? म्हणाले हो, तीनदा, दर वेळेला कमीच दाखवतोय. मग सांगितलं की पंप लावला की शॉकमधली थोडी हवा पंपाच्या रिकाम्या पाइपात येते, शॉक लहान असल्यामुळं तेवढ्यानंच काटा खाली येतो. ती गळती नाही, आणि जेवढ्या वेळा लावून बघाल तेवढी कमी होत जाणार. आता लावलाच आहे तर परत २१० करा, काढताना जो फुस्स आवाज येतो तो पाइपातल्या हवेचा, शॉकमधल्या नाही, आणि खात्री करायची असेल तर काट्यावर नको, रिंगवर बघा.

पलीकडून पंपाचा आवाज आला, मग सीट दाबल्याचा, मग मामींचा की एवढ्या रात्री काय चाललंय. दहा मिनिटांनी मेसेज आला, फक्त आकडा. १७.